डोळे सोडून बाकी माझं

काका,

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते मी सवडीने बोलेन. आत्ता मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय आणि तू घरात नाहीस.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझा हात धरून तेच सांगतं, "तुझे डोळेच गेले गो बाय." सुरुवातीला मी मान डोलवायची, रडायची. आता कुणी तसं म्हटलं की मला हसू फुटतं आणि मग आई मला उठवून आत घेऊन जाते. लोकांना वाटतं, दुःखाने पोरीचं डोकं फिरलं. त्यांचं फार चुकतंय असंही नाही. पण त्यांना हे ठाऊक नाही की तू माझे डोळे घेऊन गेलेला नाहीस. जन्मापासून मला नव्हते ते डोळे तू मला लावून ठेवलेस, मला न विचारता, आणि ते माझ्या नोकरीच्या आड आले.

पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुझी सवय, मधलंच काहीतरी ऐकायचं आणि "हां हां, कळलं" म्हणून चहा मागायचा.

सोमवारी मला रुजू व्हायचंय. कंपनी बंगळूरची, काम इथेच रत्नागिरीत घरी बसून. पत्र आलं त्या दिवशी तू स्टुडिओचं शटर ओढून पेढे आणायला गेलास ते तास-दीड तास परतलाच नाहीस. बाजारात भेटेल त्याला थांबवून सांगत होतास, "आमच्या मनूला तक्रारी करायची नोकरी लागली. इतकी वर्षं घरात फुकट करायची." मी चिडले. तुला परत एकदा समजावून सांगितलं, की आमच्यासारखी न दिसणारी माणसं मोबाइल आणि कॉम्प्युटर कानांनी वापरतात, पडद्यावर असेल ते यंत्र वाचून दाखवतं. पण बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर ते यंत्र नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत बसतं. चित्राखाली दोन शब्दांचं वर्णन नसेल तर "चित्र" म्हणून गप्प होतं. आमचा माणूस कुठे अडतो ते शोधायचं, बनवणाऱ्याला सांगायचं, आणि सुधारेपर्यंत त्याच्या मागे लागायचं, हे माझं काम. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हणजे तेच ना. तक्रारीच."

शाळेसाठी आई-बाबांनी मला पावसहून तुमच्याकडे ठेवलं तेव्हापासून माझ्या संध्याकाळी स्टुडिओत गेल्या. त्या खोलीचा वास मला अजून नाकात धरता येतो. आरशाजवळची पावडर, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं खोबरेल, आणि पासपोर्ट फोटोला अडलेल्या प्रत्येकाने घालून घालून मऊ झालेला खिळ्यावरचा तो काळा कोट. फ्लॅश भरत आला की बारीक शीळ घालायचा. ती शीळ थांबली की तू "हां, हलू नका" म्हणायचास, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वास रोखून बसायची. माझा कुणी फोटो काढत नसताना. तुला त्याची गंमत वाटायची.

गिऱ्हाईक गेलं की मी विचारायची, "काय आहे यात?" आणि तू सुरू व्हायचास. "हा नवरामुलगा. उभा असा राहिलाय, जसा काही सुई टोचून घ्यायला आलाय. मागे मामा, पण त्याचं सगळं लक्ष पंगतीकडे." मी म्हणायची, "काका, तुझं मत नको. असेल तेवढं सांग."

"असेल तेवढं सांगून तुला काय कळणार? दोन माणसं, दोन हार, एक खुर्ची."

"तेवढंच सांग. बाकीचं मी ठरवीन."

"तू कशी ठरवणार?"

"कशी का ठरवेना."

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं, काका. मी हे काम शिकायला लागले, आणि आमच्या अभ्यासात लिहूनच आलं, की चित्राचं वर्णन थोडक्यात आणि नेमकं असावं, चित्रात नाही ते त्यात घालू नये. मी ते तुला मोठ्याने वाचून दाखवलं, जिंकल्यासारखं. तू कात्रीने फोटोच्या कडा कापत होतास. म्हणालास, "लिहिणाऱ्याने कधी लग्नाचे फोटो काढलेले दिसत नाहीत." ते भांडण तिथेच राहिलंय. तू ते अर्धवट टाकून गेलास.

पण एक होतं. तुझं मत मी कितीही हाकलून लावलं तरी तुझ्या शब्दावर मी कधी शंका घेतली नाही. बाकी सगळी मला सगळ्यालाच "छान" म्हणायची. नवीन कपडे घातले की छान, केस कापले की छान, आजारातून उठले तरी छान. तू एकटा म्हणायचास, "हा हिरवा ड्रेस नको घालूस बाय, त्यात तू दुधी भोपळा दिसतेस." मी तो ड्रेस काकूच्या भाचीला देऊन टाकला होता. मी कशी दिसते हे मला जगात फक्त तुझ्याकडून कळलेलं आहे, काका. म्हणून तर आत्ता पायाखाली काही उरलेलं नाही.

मिटल्या डोळ्यांचा फोटो तू गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नाहीस, हे मला माहीत होतं. तुझा धर्मच होता तो. कुणी ऐन वेळी पापणी पाडली की तू दुसऱ्या फोटोतले त्याचेच डोळे काढून कॉम्प्युटरवर तिथे बसवायचास. आणि दुसरा फोटो नसेल तर दुसऱ्या कुणाचेही. नाटे गावातल्या त्या लग्नात नवऱ्याची आई प्रत्येक फोटोत डोळे मिटून. तू तिला तिच्या बहिणीचे डोळे लावलेस. आल्बम बघून म्हातारी काय म्हणाली ते तू मला तिच्याच आवाजात करून दाखवलं होतंस. "मी एवढी बरी दिसत्ये, आणि ह्या घरात कुणी कधी बोललं नाय." मी पोट धरून हसले होते. माझाही डावा डोळा मिटलेला, उजवा अर्धा, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

अर्जासाठी फोटो काढलास तो दिवस आठव. मला स्टुलावर बसवलंस, हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ केलीस. तो गिऱ्हाइकांचा कोट माझ्या अंगात घातलास आणि म्हणालास, "आता वकीलच दिसतेस. अशील बघून पळून जाईल." मी हसले, तू ओरडलास, "हसू नको, पासपोर्ट आहे." मग पुन्हा शीळ, पुन्हा "हलू नको." दुसऱ्या दिवशी फोटो तयार झाल्यावर मी विचारलं, "कसा आला?"

"आहे तशी आलीयस."

हे तुझे शब्द. मी ते तसेच्या तसे घेतले. फोटो कॉम्प्युटरवरून अर्जाला जोडला, तपासलासुद्धा नाही. ज्या बाईला आता दुसऱ्यांचं सगळं तपासायचा पगार मिळणार होता तिने.

मुलाखतीलाही तूच. पंख्याच्या हुकातून दोरा सोडून त्याला खाली सुपारी बांधलीस. सुपारी नाकाला लागली की चेहरा कॅमेऱ्यात बरोबर मधे. काकू म्हणाली, "हे काय गो, मुलाखत की मुंज?" पण मी तास-सव्वा तास त्या सुपारीच्या भरवशावर बोलले आणि माझा चेहरा एकदाही चौकटीबाहेर गेला नाही. तू दाराआड उभा होतास. मला तुझ्या श्वासाचा आवाज येत होता.

मग पत्र आलं, पेढे वाटून झाले, आणि एका दुपारी तू जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस.

घरात दिवा लावला, पण त्याच्याजवळ ठेवायला तुझा फोटो नव्हता. सबंध तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा एक धड फोटो नसावा. काकूने ट्रंका उपसल्या, मग तुझ्या हाताखाली शिकलेल्या, तुला अण्णा म्हणणाऱ्या मंगेशला सांगितलं. त्याला एका लग्नाच्या घोळक्यात तू सापडलास, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. त्याने फोन केला. "वहिनी, फोटो मोठा होतो चांगला. पण अण्णांनी नेमके डोळे मिटलेत. उघडून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे." काकू म्हणाली, "सांगते." ते तसंच राहिलं, कारण त्याच दिवशी माझं हे सुरू झालं.

रुजू होण्याआधी ओळख पटवून द्यायची असते. ते काम कंपनीचं नाही, तिने नेमलेल्या दुसऱ्याच एका एजन्सीचं. त्यांनी मोबाइलवर दुवा पाठवला. उघडला, तर फोन गप्प. सगळ्या सूचना चित्रात, माझ्या यंत्राला वाचता येईल असं एक अक्षर नाही. जेवायला बोलावून दाराला बाहेरून कडी घालावी तसं. काकूला फोन धरायला लावला, सुपारीखाली बसले. ती वाचून सांगत होती, "चेहरा गोलात आणा म्हणतात. आणला. आता..." आणि थांबली.

"आता काय?"

"डोळे उघडा आणि मिटा, म्हणतात."

मी बोटाने उजवी पापणी वर उचलून धरली. काकूने वाचलं, "हात चेहऱ्यापासून दूर ठेवा." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिचीच कीव आली.

इंदूला फोन केला. ही माझी होणारी वरिष्ठ, तिच्याच हाताखाली काम करायचंय. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने एजन्सीला सांगून यंत्राऐवजी माणूस द्यायला लावला. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी व्हिडिओवर मला पाहिलं, माझं सरकारी ओळखपत्र पाहिलं. त्यातला फोटो सरकारी केंद्रातल्या बाईंनी काढलेला, त्यात मी जशी आहे तशी. मग त्यांनी माझा अर्ज उघडला असणार, कारण त्यांचा सूर एकदम बदलला.

"मॅडम, अर्जावरचा फोटो आपलाच ना?"

"हो."

"नक्की?"

मी म्हटलं नक्की, माझ्या काकांनी काढलाय. संध्याकाळी मेल आला. अर्जावरचा फोटो दुसऱ्या व्यक्तीचा असल्याचं दिसतं. दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, तोवर रुजू होणं स्थगित. खुलासा समाधानकारक नसल्यास नेमणूक रद्द.

मी तो मेल परत परत ऐकला. आई मागे उभी होती. म्हणाली, "जाऊ दे गो. नशिबात नसेल. दिवस झाले की चल पावसला, बागेत माणसं लागतातच, पेट्यांत पेंढा घालायला बसशील." ती मायेने म्हणाली. पण मला त्यात पुढची सगळी वर्षं ऐकू आली, ओटी, पेंढा, आंब्याचा वास, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं "कशी आहेस बाय, छान दिसतेस."

मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. फोनवर चित्राचं वर्णन करणारं एक ॲप आहे, त्याला तो फोटो दाखवला. ते म्हणालं, काळा कोट घातलेली तरुण स्त्री. मोठे, काळेभोर डोळे. थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

हे ॲप थापाही मारतं. एकदा त्याने आपल्या मांजराला बटाटा म्हटलं होतं. म्हणून परत दाखवला. पुन्हा काळेभोर डोळे. मी स्वयंपाकघरात गेले. काकू खोबरं खोवत होती.

"काकू, अर्जाच्या फोटोत माझे डोळे कसे आहेत?"

विळीचा आवाज थांबला.

"काकू."

"उघडे आहेत गो."

"माझे?"

"फोटोत तसे आहेत." आणि ती रडायला लागली. "मी सांगत होत्ये ह्यांना, नका करू. पूर्ण दिवस बसले होते त्या कॉम्प्युटरपुढे, जेवायलासुद्धा उठले नाहीत. म्हणाले, अर्ज बघणारा आधी तोंड बघतो. डोळे बघून बाजूला टाकला तर नावसुद्धा वाचायचा नाही कुणी. एकदा आत शिरली की मग ती आणि तिचं तोंड, कुणाला ऐकायची नाही."

काका, अरे, त्यांना न दिसणारीच हवी होती रे. जाहिरातीतच होतं ते, मी तुला वाचून दाखवलं होतं. सबंध मुलुखात ही एक नोकरी, जिच्यात माझे हे डोळे हीच माझी लायकी, आणि तू नेमके तेच खोडून काढलेस. उघड्या डोळ्यांची मनू त्यांना कशाला हवी होती? तुझ्यावर हसावं की तुझा गळा धरावा ते मला कळत नव्हतं, आणि धरायला तुझा गळाही नव्हता.

"कुणाचे आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"डोळे. कुणाचे लावले?"

"काय माहीत गो. ह्यांच्याकडे ढीग पडलेला. हर्णैच्या लग्नातली असेल कुणीतरी."

मग काकूने डोळे पुसले आणि मला तोड सुचवली. "चुकून दुसरीचा फोटो लागला असं कळव. आंधळ्या माणसाचं होतं असं कधी कधी. त्यांना पटेल."

पटलं असतं, काका. लगेच पटलं असतं. तेच वाईट होतं. या नोकरीत रोज उठून मी लोकांना सांगणार होते, की आमच्या हातून चूक होत नाही, तुम्ही केलेलं वाकडं आहे म्हणून होते. आणि माझं पहिलंच वाक्य हे लिहायचं, की आंधळ्यांचं काय, त्यांच्याकडून असं व्हायचंच. पण खरं लिहायचं तर तुझं नाव घ्यावं लागत होतं. काकू म्हणाली, "अजून ह्यांचा दहावा नाही झाला मनू. सगळी म्हणतील, खोटे फोटो करून द्यायचा." ती हात जोडत होती. मला दिसत नसताना ती हात जोडत होती, बांगड्यांवरून कळलं मला.

मी खोलीत जाऊन पालथी पडले. तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नोकरीचं दुःख तर होतंच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी भोसकत होतं. जगाला आवडणार नाही म्हणून तू माझे डोळे बदललेस, हे काकूने सांगितलं. पण तुला? तुलाही मी आहे तशी बघवत नव्हते का? एवढी वर्षं माझी हनुवटी दोन बोटांनी वर करून तू काय बघत होतास? "आहे तशी आलीयस" म्हणताना तुझा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, काका. मग बाकीचं किती खरं मानू? भोपळा तरी खरा होता का? हे मी कुणाला विचारू? एकच माणूस होता, ज्याला मी असलं विचारू शकायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूला म्हटलं, स्टुडिओ उघड. मूळ फोटो, तू हात लावायच्या आधीचा, असलाच तर तिथल्या कॉम्प्युटरमध्ये असणार. ती नको नको म्हणत आली. शटर वर करताना तिला जोर पुरेना, आम्ही दोघींनी मिळून केलं. पावडर, खोबरेल, कोट. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटर चालू केला. यावर बोलणारं यंत्र मीच बसवलंय, या खुर्चीत बसून मी माझा निम्मा अभ्यास केलाय. ते उठलं, माझ्याशी बोलायला लागलं, मी फाइली शोधायला हात पुढे केला.

काकू मागून म्हणाली, "अगो, ही तू."

"कुठे?"

"ही काय, समोर. सगळ्या पडद्यावर तूच आहेस."

मी हात थांबवला. काका, पडद्याच्या मागचं चित्र आमचं यंत्र वाचत नाही. त्यावरच्या फाइली वाचतं, घड्याळ वाचतं, बटणं वाचतं, पण मागे काय चिकटवलंय ते नाही. मी अर्ज पाठवल्यापासून कितीदा त्या चित्रासमोर बसले असेन. तू मागे उभा असशील. एका शब्दाने बोलला नाहीस.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

काकूने चष्मा लावला असावा. "तोंड वासून हसत्येस. कोट खांद्यावरून खाली घसरलाय. केस बघायला नको, झिपऱ्या नुसत्या."

"डोळे?"

"तुझेच. डावा मिटलेला, उजवा अर्धा." मग ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. "हे काहीतरी बोलले असणार बघ समोरून, त्याशिवाय तू एवढी दात काढून हसायची नाहीस. तुझ्या आईसारखी दिसत्येस ह्यात. लहान असताना कुणा सायबाच्या गाडीत बसवली होती ना तुला, तेव्हा अशीच हसली होतीस."

ती बोलत राहिली. फोटोत नाही ते सगळं सांगत राहिली, अगदी तुझ्यासारखं. मी तिला एकदाही म्हटलं नाही, असेल तेवढंच सांग.

अशील पळून जाईल म्हणालास तेव्हाचा तो फोटो. पासपोर्टच्या कामाचा नाही, गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, मिटल्या डोळ्यांचा. दिवसभर तू ज्याच्याकडे बघत बसायचास तो हा. जगाला एक दिलास आणि आपल्यापुरता हा ठेवलास. अरे, मग मला सांगायचं होतंस ना. नुसतं एकदा सांगायचं होतंस.

खुलासा मी तिथेच, तुझ्या खुर्चीत बसून लिहिला. काकूला वाचून दाखवला. असा आहे: "अर्जावरच्या फोटोत मीच आहे. डोळे माझे नाहीत. माझे काका फोटोग्राफर होते, मिटल्या डोळ्यांचा फोटो ते कुणालाच देत नसत, मलाही दिला नाही. मला हे ते गेल्यावर कळलं. डोळे सोडून बाकी सगळं माझं आहे. त्याच दिवशी त्यांनी काढलेला, हात न लावलेला फोटो सोबत जोडला आहे."

मग फोटो जोडला, आणि त्याच्याखाली वर्णनाची चौकट आली. तिथे मी लिहिलं, "मोठा काळा कोट घातलेली मुलगी तोंड उघडं टाकून हसते आहे. तिचे डोळे मिटलेले आहेत. समोर तिचा काका उभा आहे, तो फोटोत दिसत नाही."

चित्रात नाही ते लिहायचं नसतं. मी लिहिलं. घे, जिंकलास.

काकूने ऐकून नाक ओढलं. म्हणाली, "पाठव. बोलू दे लोकांना काय बोलायचं ते. ह्यांना कुठे ऐकू येणार आहे."

इंदूचा फोन आला. सोमवारी रुजू हो, म्हणाली. आणि पहिलं काम तुझ्यासाठी ठेवलंय, त्या ओळख पटवण्याच्या ॲपच्या मागे लागायचं, ते सुधारेपर्यंत. म्हणजे तक्रारीच, काका. घरात आनंद असा कुणाला झाला नाही. आई "बरं झालं" म्हणाली आणि दिव्यात तेल घालायला गेली. मी सुपारी नाकाला लावून बसून राहिले. सोमवारी संध्याकाळी मी उठेन आणि "आज कुणाला झापलंस?" म्हणून विचारायला घरात कुणी असणार नाही, हे मला काही केल्या सोसत नाही. नोकरी मिळाली म्हणून ते कमी झालेलं नाही. उलट सांगण्यासारखं घडत जाईल तसं ते वाढतच जाणार.

आज मंगेशचा परत फोन. दहावा तोंडावर आलाय, फ्रेम करायची म्हणजे आजच सांगायला हवं. काकूने फोन माझ्या हातात दिला. "मनू, उघडायचे का गो अण्णांचे डोळे? दुसऱ्या कुणाचे लावायला लागतील, पण लांबून कळायचं नाही. अण्णा असते तर त्यांनी असा फोटो दुकानाबाहेर जाऊ दिला नसता."

खरं आहे. तू नसतास जाऊ दिला.

"मंगेशदादा, हात लावू नको. आहे तसा येऊ दे."

संध्याकाळी फ्रेम आली. काकूने हार घातला, दिव्यामागे टेकवून ठेवली, वाकडी झाली म्हणून परत सरळ केली. मी विचारलं, "कसा आलाय?"

तिने पदराने फ्रेमची काच पुसली.

"तुझ्यासारखे आलेत," ती म्हणाली.